वाऱ्याचा अभ्यास करणारे गुस्ताव्ह आयफेल

पॅरिसचे नाव घेतले की डोळ्यांसमोर पहिल्यांदा उभा राहतो तो आयफेल टॉवर. लुर्डच्या यात्रेला जाणारे आपले कित्येक भाविक परतीच्या वाटेवर पॅरिसला थांबतात, मनोऱ्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि तो फोटो घरी दिवाणखान्यात लावतात. परंतु ज्यांच्या नावाने हा मनोरा ओळखला जातो, ते गुस्ताव्ह आयफेल कोण होते याची माहिती फार थोड्यांना असते. मनोरा पूर्ण झाला तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. पुढे चारच वर्षांत न्यायालयाने त्यांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. ज्या नावाचा जगभर जयजयकार झाला होता, तेच नाव वर्तमानपत्रांतून चिखलात ओढले गेले. अशा वेळी एखादा माणूस खचून घरी बसला असता. आयफेल यांनी मात्र उरलेली तीस वर्षे एका नव्या कामाला दिली. वारा एखाद्या वस्तूला किती जोराने ढकलतो आणि हवेतून धावणाऱ्या वस्तूला हवा किती अडवते, हे मोजण्याचे ते काम. आजच्या विमानविद्येच्या पायाचे काही दगड या वृद्ध माणसाने बसवले आहेत. त्यांच्या या दुसऱ्या आयुष्याची ओळख करून घेऊ या.

परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी

गुस्ताव्ह आयफेल यांचा जन्म १५ डिसेंबर १८३२ रोजी फ्रान्समधील दिजाँ या शहरात झाला. घराण्याचे मूळ आडनाव बोनिकहाउसन. त्यांचे पूर्वज अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीच्या आयफेल नावाच्या डोंगराळ भागातून फ्रान्समध्ये आले. मूळ आडनाव फ्रेंच लोकांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्या भागाचे नाव जोडनाव म्हणून लावले गेले. पुढे १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध झाले, जर्मन नावाकडे लोक संशयाने पाहू लागले. तेव्हा गुस्ताव्ह यांनी कायदेशीररीत्या अर्ज करून केवळ आयफेल हेच आडनाव ठेवले. १८८० साली त्यावर शिक्कामोर्तब झाले.

वडील पूर्वी सैन्यात होते. घर खऱ्या अर्थाने चालवले ते आईने. कोळशाच्या व्यापारात ती बाई इतकी तरबेज होती की त्या व्यवसायातून तिने कुटुंबाला चांगले दिवस दाखवले. आई कामात गुंतलेली, त्यामुळे गुस्ताव्ह बराच काळ आजीच्या सहवासात वाढले. शाळेत त्यांचे मन रमत नसे. पुढे ते पॅरिसला आले आणि फ्रान्समधील सर्वांत नामांकित अशा एकोल पॉलिटेक्निक या संस्थेच्या प्रवेश परीक्षेला बसले. तेथे ते अपयशी ठरले. मग त्यांनी एकोल सांत्राल या दुसऱ्या संस्थेत प्रवेश घेतला आणि १८५५ साली पदवी मिळवली, तीही रसायनशास्त्र या विषयात! काकांचा शिर्का बनवण्याचा कारखाना होता, तेथे आपली सोय होईल असा त्यांचा हिशेब होता. परंतु घरात वाद झाला आणि तो दरवाजा बंद झाला. पोटापाण्यासाठी त्यांनी रेल्वेची कामे घेणाऱ्या एका अभियंत्याकडे नोकरी धरली. लोखंडाशी त्यांची गाठ पडली ती अशी.

पुलांचा बांधकामदार

ऐन पंचविशीत त्यांच्यावर बोर्दो येथील रेल्वे पुलाची जबाबदारी आली. गारोन नदीवरचा पाचशे मीटर लांबीचा तो पूल १८६० साली पूर्ण झाला. नदीच्या तळात खांब रोवण्यासाठी त्यांनी दाबाखालच्या हवेचा उपयोग केला. हवेच्या बळाशी ही त्यांची पहिली ओळख म्हणता येईल.

१८६२ साली त्यांचा विवाह मारी गोदले यांच्याशी झाला. त्यांना पाच मुले झाली. १८६६ साली त्यांनी पॅरिसजवळच्या लव्हालवा-पेरे येथे स्वतःचा कारखाना काढला. तेथून पुलांचे, स्थानकांचे, बाजारांच्या छपरांचे लोखंडी भाग तयार होऊन देशोदेशी जाऊ लागले. पोर्तुगालमधील पोर्तो शहरात दुएरो नदीवर त्यांनी १६० मीटर रुंदीची एकच कमान टाकून पूल बांधला. तो १८७७ साली वाहतुकीला खुला झाला. त्याच वर्षी त्यांची पत्नी मारी मरण पावली. त्यावेळी ते ४४ वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. थोरली मुलगी क्लेअर हिने पुढे घर सांभाळले आणि ती अखेरपर्यंत वडिलांच्या सोबत राहिली.

उंच पूल बांधताना आयफेल यांना एका गोष्टीची सतत धास्ती असे, ती म्हणजे वारा. आगगाडीचे वजन किती ते मोजता येते, लोखंडाचे वजनही मोजता येते. पण खोल दरीतून येणारा वारा पुलाला आडवा किती जोराने ढकलील, हे कोणी सांगावे? २८ डिसेंबर १८७९ च्या रविवारी रात्री स्कॉटलंडमधील टे नदीवरचा पूल वादळात कोसळला. त्यावेळी पुलावर आगगाडी होती. सुमारे ७५ माणसे बुडाली, एकही वाचला नाही. साऱ्या युरोपातील अभियंत्यांची झोप या बातमीने उडवली. पूल बांधताना वाऱ्याचा हिशेब नीट धरला गेला नव्हता, हे चौकशीत उघड झाले.

आयफेल आपल्या पुलांचे खांब भरीव न ठेवता जाळीदार ठेवत. मच्छीमाराच्या जाळ्यातून जसे पाणी निघून जाते, तसा जाळीतून वारा निघून जातो. १८८४ साली पूर्ण झालेला गाराबी येथील पूल नदीपासून १२२ मीटर उंचीवर आहे. तो आजही उभा आहे. अमेरिकेतील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पोटात जो लोखंडी सांगाडा आहे, तोही आयफेल यांच्याच कारखान्याचा. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला तो पातळ तांब्याचा पुतळा तोंड देतो, तो या सांगाड्याच्या बळावर.

त्यांच्या प्रत्येक कामाला मात्र यश आले असे नाही. १८७५ साली त्यांनी स्वित्झर्लंडमधील म्युन्शेनश्टाइन येथे बांधलेला रेल्वे पूल १४ जून १८९१ रोजी भरलेल्या गाडीखाली कोसळला आणि ७० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. या अपघातात वाऱ्याचा दोष नव्हता. पण लोखंडाचे बारीक दांडे दाबाखाली केव्हा वाकतात, याचे त्या काळातले गणित अपुरे आहे हे त्यामुळे साऱ्या अभियंत्यांना कळून आले. कागदावरच्या सूत्रावर विसंबून चालत नाही, ते प्रत्यक्ष तपासून पाहावे लागते, हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला.

वीस वर्षांचा पाहुणा

१८८९ साली पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरणार होते. त्यासाठी ३०० मीटर उंचीच्या मनोऱ्याची मूळ कल्पना आयफेल यांची नव्हती. त्यांच्या कचेरीतील मोरिस केश्लाँ आणि एमिल नुगिए या दोन अभियंत्यांनी १८८४ साली तिचे पहिले रेखाटन केले. स्तेफान सोव्हेस्त्र या वास्तुरचनाकाराने त्याला देखणे रूप दिले. पैसा, जबाबदारी आणि टीका मात्र आयफेल यांनी अंगावर घेतली. सरकारने खर्चाचा जेमतेम पाचवा भाग दिला. बाकीची व्यवस्था त्यांनीच केली.

२८ जानेवारी १८८७ रोजी काम सुरू झाले आणि ३१ मार्च १८८९ रोजी आयफेल यांनी मनोऱ्याच्या टोकावर फ्रान्सचा झेंडा फडकवला. लोखंडाचे १८,०३८ भाग आणि २५ लाख रिव्हेट वापरून हे काम अवघ्या सव्वादोन वर्षांत पुरे झाले. काम सुरू होताच पॅरिसच्या नामवंत लेखकांनी आणि कलावंतांनी वर्तमानपत्रातून जाहीर निषेध केला होता. हे कुरूप धूड शहराची शोभा घालवील, असे त्यांचे म्हणणे होते. आयफेल यांचे उत्तर वाऱ्याच्या हिशेबावर आधारलेले होते. मनोऱ्याचे चार पाय खाली रुंद आणि वर जाताना आत वळत गेलेले दिसतात. ती वळणाची रेषा वाऱ्याच्या रेट्याचे गणित करून ठरवलेली आहे. जोराच्या वादळातही मनोऱ्याचे टोक काही सेंटिमीटरच हलते.

मनोऱ्याच्या पहिल्या मजल्याखाली चारही बाजूंना फ्रान्सच्या ७२ शास्त्रज्ञांची नावे कोरलेली आहेत. त्यांत द्रव आणि वायू यांच्या प्रवाहाची समीकरणे मांडणारे नाव्हिए आहेत. आपल्या कॅथलिक श्रद्धेसाठी ओळखले जाणारे कोशी आणि अँपिअर हेही आहेत. मनोरा हे विज्ञानाचे मंदिर व्हावे, ही आयफेल यांची इच्छा सुरुवातीपासूनच होती. टोकाशी त्यांनी हवामानाची निरीक्षणे घेण्याची सोय केली.

तरीही या मनोऱ्याच्या डोक्यावर एक टांगती तलवार होती. करारानुसार मनोरा वीस वर्षांसाठीच आयफेल यांच्या ताब्यात होता. १९०९ साल संपले की तो शहराच्या मालकीचा होणार होता आणि शहराला तो पाडून टाकण्याचा अधिकार होता.

मानहानी

प्रदर्शनाच्या यशाचा आनंद फार काळ टिकला नाही. सुएझ कालवा काढणारे फर्दिनांद द लेसेप्स यांनी पनामा येथे कालवा खणण्याची कंपनी काढली होती. काम अडकले, तेव्हा १८८७ साली कालव्याचे मोठे दरवाजे आणि पाण्याच्या पायऱ्या बांधण्यासाठी आयफेल यांना बोलावण्यात आले. पण १८८९ च्या फेब्रुवारीत कंपनीचे दिवाळे निघाले. फ्रान्समधील लाखो सामान्य कुटुंबांनी घामाचा पैसा त्यात गुंतवला होता. तो बुडाला. नेत्यांना आणि वर्तमानपत्रांना लाच दिल्याची प्रकरणे बाहेर आली. देशभर संताप उसळला.

आयफेल हे कंपनीचे संचालक नव्हते, ठेकेदार होते. परंतु त्यांनी मोठ्या रकमा उचलल्या होत्या, म्हणून त्यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले. ९ फेब्रुवारी १८९३ रोजी त्यांना दोन वर्षांचा तुरुंगवास आणि २०,००० फ्रँक दंड अशी शिक्षा झाली. त्यांनी काही दिवस कोठडीत काढले. १५ जून १८९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. मात्र ती रद्द झाली ती खटला भरण्याची मुदत उलटून गेली होती या कारणावरून. म्हणजे सुटका झाली, पण निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र काही मिळाले नाही. पुढे लेजियन ऑफ ऑनर या राष्ट्रीय सन्मानाच्या मंडळाने वेगळी चौकशी केली आणि त्यांचा सन्मान काढून घेण्याचे कारण नाही असा निर्णय दिला. तरी लोकांच्या मनातली कुजबूज थांबली नाही.

आयफेल यांनी स्वतःच उभ्या केलेल्या कंपनीतून अंग काढून घेतले. कंपनीच्या पाटीवरून त्यांचे नावही काढले गेले. वय झाले होते साठ. पैशाची ददात नव्हती. आरामात बसून खाता आले असते. पण पुलांच्या दिवसांपासून मनात घर करून राहिलेला एक प्रश्न अजून सुटला नव्हता, तो वाऱ्याचा. तो सोडवण्यासाठी लागणारे साधन त्यांच्याकडे होते, दुसऱ्या कोणाकडेही नव्हते. ते साधन म्हणजे तीनशे मीटर उंचीचा मनोरा.

मनोऱ्यावरून पडणारे पत्रे

पावसात छत्री उघडून धावून पाहा. हवा छत्रीला मागे खेचते. जितके जोरात धावू, तितका हा विरोध वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध सुमारे चौपट होतो. ही गोष्ट विद्वानांना ठाऊक होती. पण चौपट कशाच्या? एक चौरस मीटरचा पत्रा ठराविक वेगाने हवेतून गेला तर हवा त्याला नेमकी किती किलोच्या बळाने अडवते? या साध्या प्रश्नाला प्रत्येक पुस्तकात वेगळे उत्तर होते. पूल बांधणाऱ्याला आणि उडण्याचे स्वप्न पाहणाऱ्याला या उत्तरावाचून एक पाऊलही टाकता येत नव्हते.

१९०३ साली, वयाच्या सत्तरीत, आयफेल यांनी प्रयोगाला सुरुवात केली. मनोऱ्याच्या दुसऱ्या मजल्यापासून, म्हणजे ११५ मीटर उंचीवरून, जमिनीपर्यंत एक जाड तार ताणून बांधली. त्या तारेवरून एक जड उपकरण खाली सोडायचे. उपकरणाच्या पुढच्या टोकाला स्प्रिंगवर एक पत्रा बसवलेला असे. कधी गोल, कधी चौकोनी, कधी तिरपा. उपकरण सुटले की पत्रा हवा कापत खाली येई आणि हवेच्या रेट्याने स्प्रिंग दाबली जाई. आत एक नळकांडे फिरत असे. त्यावर काजळी धरलेला कागद गुंडाळलेला असे. कंप पावणाऱ्या एका चिमट्याची टोकदार सुई त्या काजळीत नागमोडी रेघ ओढत जाई. त्या रेघेवरून कोणत्या क्षणी वेग किती होता आणि रेटा किती होता, हे दोन्ही वाचता येई. वेग सेकंदाला ४० मीटरपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे १४४ किलोमीटरपर्यंत पोचत असे. जमिनीजवळ आल्यावर उपकरण आपोआप आवळले जाऊन थांबे.

हे प्रयोग त्यांनी पुन्हा पुन्हा केले. वारा शांत असेल तेव्हाच करायचे, शंका आली की तो प्रयोग बाद करायचा, अशी त्यांची शिस्त होती. १९०७ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्वीच्या पुस्तकांतला हवेच्या विरोधाचा आकडा बराच जास्त धरलेला होता, हे त्यांनी दाखवून दिले. अमेरिकेत राइट बंधूंनाही १९०१ च्या सुमारास हीच चूक आढळली होती. आयफेल यांनी मात्र आपल्या मोजमापाची प्रत्येक पायरी सर्वांसमोर मांडली, त्यामुळे कोणालाही ती तपासून पाहता येत होती.

वाऱ्याचा बोगदा

मनोऱ्यावरून पत्रा पाडता येतो, पण विमानाचा पंख कसा पाडणार? त्यासाठी उलटा मार्ग हवा होता. वस्तू जागेवर स्थिर ठेवायची आणि वारा तिच्यावर सोडायचा. अशा यंत्राला विंड टनेल म्हणतात. आयफेल यांच्या आधीही इंग्लंडमध्ये आणि इतरत्र असे लहान बोगदे बांधले गेले होते. १९०९ साली आयफेल यांनी मनोऱ्याच्या पायथ्याशी आपला बोगदा उभारला. मनोऱ्यासाठी येणाऱ्या विजेवर पंखा फिरे आणि दीड मीटर व्यासाचा हवेचा झोत मिळे.

येथे एक शंका होती. शांत हवेतून पत्रा धावला काय आणि स्थिर पत्र्यावर तितक्याच वेगाने वारा आला काय, दोन्हींचा परिणाम सारखाच असतो का? तर्काने सारखाच असला पाहिजे. परंतु पूर्वीच्या काही मोजमापांत फरक दिसला होता आणि विद्वानांत वाद होता. आयफेल यांच्याजवळ दोन्ही प्रकारची मोजमापे होती. त्यांनी तेच पत्रे बोगद्यात ठेवून पाहिले. आकडे जुळले. यामुळे बोगद्यात लहान प्रतिकृती ठेवून मोठ्या विमानाबद्दल अंदाज बांधण्यावर अभियंत्यांचा विश्वास बसला.

त्यांचा दुसरा शोध सामान्य माणसाला चकित करणारा आहे. विमानाला वर कोण उचलते? आपल्याला वाटते, पंखाखालची हवा त्याला वर ढकलत असणार. आयफेल यांनी पंखाच्या प्रतिकृतीला जागोजागी बारीक भोके पाडून प्रत्येक ठिकाणचा दाब मोजला. पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि पंख जणू वर ओढला जातो. उचलण्याच्या बळाचा मोठा वाटा या वरच्या बाजूचा असतो, खालच्या रेट्याचा वाटा त्याहून कमी. शिडाच्या होडीतून फिरणाऱ्यांना याचा अनुभव असतो, कारण फुगलेले शीडही अशाच प्रकारे ओढ घेते.

पंख्याच्या घरघरीने शेजारचे रहिवासी हैराण झाले आणि त्यांनी तक्रारी केल्या. १९१२ साली आयफेल यांनी आपली प्रयोगशाळा ओतोय भागातील र्यू ब्वालो या रस्त्यावर हलवली. येथला झोत दोन मीटर व्यासाचा होता आणि वेगही बराच वाढवता येत होता. विमान बांधणाऱ्या कोणालाही येथे आपली प्रतिकृती आणून तपासता येई. त्याबद्दल आयफेल पैसे घेत नसत. मिळालेली माहिती सर्वांसाठी प्रसिद्ध करू द्यावी, एवढीच अट असे.

चेंडूचे कोडे

या नव्या बोगद्यात १९१२ साली एक विलक्षण गोष्ट घडली. जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांची नामांकित प्रयोगशाळा होती. गोल चेंडूला हवा किती अडवते, याचा तेथे मिळालेला आकडा आयफेल यांच्या आकड्याच्या दुपटीहून अधिक होता. एवढा फरक कसा? आयफेल यांनी हिशेबात चूक केली असावी, असा समज झाला. अपमानाचा अनुभव असलेल्या या वृद्धाला पुन्हा एकदा आपल्या शब्दाची सत्यता सिद्ध करायची होती.

त्यांनी वाद घातला नाही, चेंडू पुन्हा बोगद्यात टांगला. वारा हळूहळू वाढवत नेला. कमी वेगाला आकडा ग्योटिंगेनसारखाच आला. पण एका ठराविक वेगाच्या पुढे गेल्याबरोबर हवेचा विरोध एकदम घटला! दोन्ही प्रयोगशाळा खऱ्या होत्या. एकीने त्या वेगाच्या अलीकडे मोजले होते, दुसरीने पलीकडे.

असे का होते, ते प्रांट्ल यांनी १९१४ साली उलगडले. चेंडूच्या अंगाला चिकटून हवेचा एक पातळ थर वाहतो. कमी वेगात हा थर गुळगुळीत असतो आणि चेंडूवरून लवकर सुटतो. मग चेंडूच्या मागे भोवऱ्यांचा रुंद पट्टा तयार होतो आणि तो चेंडूला मागे खेचतो. वेग वाढला की थरात खळबळ माजते. असा खळबळलेला थर चेंडूला जास्त वेळ धरून राहतो, मागचा पट्टा अरुंद होतो आणि ओढ कमी होते. हे पडताळण्यासाठी प्रांट्ल यांनी चेंडूला एक बारीक तार गुंडाळली. थर मुद्दाम खळबळवल्यावर कमी वेगातही विरोध घटला. आयफेल यांचे मोजमाप खरे ठरले.

आपल्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांना हे कोडे रोज भेटते. क्रिकेटच्या चेंडूची शिवण त्या तारेचेच काम करते. गोलंदाज शिवण तिरपी धरतो, तेव्हा एका बाजूचा थर खळबळतो, दुसऱ्या बाजूचा गुळगुळीत राहतो आणि चेंडू हवेत वळतो. गोल्फच्या चेंडूवर खळगे असतात, तेही याचसाठी.

मनोरा वाचला

इकडे वीस वर्षांची मुदत भरत आली होती. मनोऱ्याचा देशाला काही उपयोग आहे, हे दाखवले तरच तो राहणार होता. ५ नोव्हेंबर १८९८ रोजी मनोऱ्यावरून पाँतेओंपर्यंत बिनतारी संदेश पाठवण्यात आला होता. पुढे गुस्ताव्ह फेरिए या लष्करी अधिकाऱ्याला बिनतारी यंत्रणेसाठी उंच जागा हवी होती. आयफेल यांनी मनोरा दिलाच, शिवाय खर्चही उचलला. लष्कराला मनोऱ्याचे महत्त्व पटले आणि १ जानेवारी १९१० पासून परवाना आणखी सत्तर वर्षांसाठी वाढवण्यात आला. पहिल्या महायुद्धात याच मनोऱ्यावर शत्रूचे बिनतारी संदेश पकडले गेले.

त्याच वर्षी ईस्टरच्या सुमारास येशू संघाचे जर्मन धर्मगुरू फादर थिओडोर वुल्फ आपले उपकरण घेऊन मनोऱ्यावर चढले. हवेत जो सूक्ष्म किरणोत्सर्ग आढळतो तो जमिनीतून येत असेल, तर उंचावर तो जवळजवळ नाहीसा व्हायला हवा होता. फादरांना तो अपेक्षेइतका घटलेला दिसला नाही. पुढे १९१२ साली व्हिक्टर हेस यांनी बलूनमधून उंच जाऊन अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांचा शोध लावला. त्या वाटेवरचे एक महत्त्वाचे पाऊल आपल्या एका धर्मगुरूने आयफेल यांच्या मनोऱ्यावर टाकले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

मनोऱ्याने एक दुःखद प्रसंगही पाहिला. ४ फेब्रुवारी १९१२ रोजी फ्रान्झ रायशेल्ट या शिंप्याने स्वतः शिवलेला हवाई छत्रीचा पोशाख अंगात घालून पहिल्या मजल्यावरून उडी घेतली. परवानगी बाहुला टाकून पाहण्यासाठी मागितली होती. छत्री नीट उघडली नाही आणि तो जागीच ठार झाला. ज्या मनोऱ्यावरून एक जण पत्रे पाडून हवेचा विरोध मोजत होता, त्याच मनोऱ्यावरून दुसऱ्याने न मोजता जीव झोकून दिला. मोजमापाचे महत्त्व याहून वेगळे सांगायला नको.

अखेरची वर्षे

१९१३ साली अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने आयफेल यांना लँगले सुवर्णपदक दिले. हेच पदक आधी राइट बंधूंना मिळाले होते. महायुद्धाच्या काळात ओतोयच्या प्रयोगशाळेत विमानांच्या, पंख्यांच्या आणि बाँबच्या प्रतिकृती तपासल्या गेल्या. वयाच्या ८५ व्या वर्षाच्या सुमारास त्यांनी एका पंखाच्या लढाऊ विमानाचा आराखडाही केला. मात्र १९१८ साली चाचणीच्या उड्डाणात ते विमान कोसळून चालक मरण पावला आणि ते काम थांबले. १९२१ साली आयफेल यांनी आपली प्रयोगशाळा सरकारच्या स्वाधीन केली. २७ डिसेंबर १९२३ रोजी, संत योहानाच्या सणाच्या दिवशी, वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांनी पॅरिसमधील राहत्या घरी प्राण सोडला. लव्हालवा-पेरे येथील दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

त्यांच्या पश्चात हे शास्त्र पुढे गेले. आयफेल यांनी सरासरी रेटा मोजला. परंतु धावणाऱ्या वस्तूच्या मागचे भोवरे क्षणाक्षणाला बदलत असतात, कधी डावीकडून सुटतात, कधी उजवीकडून. झेंडा वाऱ्यात फडफडतो, तोही हवेचा प्रवाह आणि कापड एकमेकांना सतत हलवत राहतात म्हणून. ७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेतील टॅकोमा येथील झुलता पूल ताशी सुमारे ६५ किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटत पिळवटत तुटला. वारा मोठा नव्हता. पुलाची हालचाल आणि हवेचा बदलता प्रवाह यांनी एकमेकांना जोर दिला होता. तेव्हापासून मोठे पूल बांधण्याआधी त्यांच्या प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासण्याची पद्धत रूढ झाली. उंच इमारतींच्या बाबतीतही तेच केले जाते. ज्या बोगद्यांत ही तपासणी होते, त्यांतले कित्येक आजही आयफेल यांच्या पद्धतीचे म्हणून ओळखले जातात.

आपल्यासाठी

आयफेल हे निर्दोष महात्मा होते, असा दावा कोणी करणार नाही. पनामाच्या व्यवहारात त्यांनी भरपूर पैसा मिळवला, आणि त्यांचा एक पूल माणसांसकट कोसळला. परंतु पडल्यावर काय करावे, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. त्यांनी आपल्यावर टीका करणाऱ्यांशी हुज्जत घालण्यात उरलेले आयुष्य घालवले नाही. साठाव्या वर्षी त्यांनी नवा विषय हाती घेतला, सत्तराव्या वर्षी प्रयोग सुरू केले आणि ऐंशीव्या वर्षी, आपले मोजमाप चुकले असे लोक म्हणत असताना, तेच मोजमाप पुन्हा एकदा धीराने केले.

आपल्या धर्मग्रामात निवृत्त झालेले अनेक शिक्षक, कारखान्यांतून आणि कार्यालयांतून घरी परतलेले अनेक जाणकार आहेत. आता आपले काम संपले, असे त्यांच्यापैकी कोणाला वाटत असेल, तर आयफेल यांचे खरे काम साठीनंतर सुरू झाले हे त्यांनी ध्यानात ठेवावे. परीक्षेत एका जागी प्रवेश हुकला म्हणून खचलेल्या मुलांना, आणि त्यांच्याहून अधिक खचलेल्या त्यांच्या आईवडिलांना, पॉलिटेक्निकमध्ये नापास झालेल्या या विद्यार्थ्याची आठवण धीर देईल. आणि पॅरिसला जाणाऱ्यांनी फोटो काढून झाला की मान वर करून दुसऱ्या मजल्याकडे एकदा जरूर पाहावे. सत्तरी ओलांडलेला एक माणूस तेथून पत्रे खाली सोडत होता आणि खाली आल्यावर काजळीच्या कागदावरची रेघ काळजीपूर्वक वाचत होता.